नापास होण्याची ऐपत

मराठी टीकेने 'कोसला' आणि 'झोंबी' ह्या दोन पुस्तकांना दोन निराळ्या वाड्यांत बिऱ्हाडे करून दिली आहेत. श्री. भालचंद्र नेमाडे ह्यांची 'कोसला' १९६३ साली प्रसिद्ध झाली. तेव्हापासून ती नव्या कादंबरीच्या, अस्तित्ववादाच्या आणि भाषेतील बंडखोरीच्या चर्चेत नांदत आहे. कै. आनंद यादव ह्यांची 'झोंबी' १९८७ साली आली. १९९० साली तिला साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले आणि ग्रामीण साहित्याच्या दालनात तिची सन्मानाने स्थापना झाली. ह्या वाटपास माझी हरकत नाही. परंतु त्याचा एक परिणाम असा झाला की, ही दोन्ही पुस्तके मुळात एकाच विषयावर आहेत ही गोष्ट आमच्या नजरेआड राहिली. शेतकऱ्याचा मुलगा शाळेतून कॉलेजच्या वाटेला लागतो. त्या वाटेवर त्याचे काय होते, आणि जे होते ते घरामुळे किती व त्याच्यामुळे किती, हा तो विषय होय.

मी इंग्रजीचा प्राध्यापक आहे. मराठी पुस्तके हौसेने वाचतो, अधिकाराने नव्हे. ही दोन पुस्तके शेजारी ठेवून वाचण्याची बुद्धी मला ग्रंथालयात झाली नाही. ती खारदांड्यास, एका कोळ्याच्या ओट्यावर झाली. ती हकीकत प्रथम सांगितली पाहिजे.

खार स्टेशनाच्या पश्चिमेस, समुद्रकाठी, दांडा ही कोळ्यांची जुनी वस्ती आहे. येथील मुलांना कॉलेज दूर आहे असे कुणासही म्हणता येणार नाही. सिंधमधील हैदराबादेत चालणारे नॅशनल कॉलेज फाळणीनंतर १९४९ साली वांद्र्यास आले, ते दांड्याहून पायी अर्ध्या तासावर आहे. अंधेरीचे भवन्स १९४६ सालचे, पार्ल्याचे मिठीबाई १९६१ सालचे. अंतर हाच शिक्षणातील अडसर असता, तर दांड्याइतकी भाग्यवान वस्ती साऱ्या महाराष्ट्रात क्वचितच सापडली असती.

मी उपनगरातील ज्या कॉलेजात शिकवितो, तेथे काही वर्षांपूर्वी दांड्याचा एक मुलगा होता. मराठी शाळेतून आलेला, हुशार, थोडा अबोल. बारावीला तो दोन विषयांत नापास झाला. फेरपरीक्षेत एक सुटला, इंग्रजी राहिले. तो विषय माझा असल्यामुळे मला चुटपुट लागली आणि मी त्याच्या घरी गेलो. त्याची आई ओट्यावर सुकट निवडीत बसली होती. मी म्हणालो, "ताई, एवढे मनाला लावून घेऊ नका. एक वर्ष गेले तर काही बिघडत नाही. मी स्वतः बारावीला गणितात नापास झालो होतो. पुन्हा बसलो, आणि आज प्राध्यापक आहे." ही माझी ठेवणीतली गोष्ट. ती सांगितली की विद्यार्थ्यांच्या चेहऱ्यावर थोडे हसू येते, असा माझा वर्षानुवर्षांचा अनुभव होता.

ती बाई हसली नाही. तिने शांतपणे विचारले, "सर, तुमी नापास झाले तेव्हा घरान कमवीत कोन होता?"

"वडील," मी म्हणालो. "सरकारी कचेरीत कारकून होते."

तिने मान हलविली आणि ती पुन्हा सुकट निवडू लागली. नारळी पौर्णिमा नुकतीच झाली होती, होड्या पाण्यात लोटल्या होत्या आणि शेजारच्या नाखव्याला एक खलाशी हवा होता. त्या घरी पुढे काय ठरले हे वेगळे सांगावयास नकोच.

घरी येऊन मी 'कोसला' पुन्हा उघडली. मी नापास झालो त्याच वर्षी ती मी प्रथम वाचली होती आणि पांडुरंग सांगवीकरात मला माझीच प्रतिमा दिसली होती. त्या वेळी जे दिसले नव्हते, ते ह्या खेपेस पानोपानी दिसू लागले. पांडुरंग हा खानदेशातील एका सधन शेतकऱ्याचा मुलगा. तो पुण्यास शिकावयास येतो, वसतिगृहात राहतो, विद्यार्थ्यांच्या मंडळांत पुढारपण करतो, मेसचा कारभार अंगावर घेतो आणि त्यात हात पोळून घेतो. पैसे उडतात, मित्र पांगतात, धाकटी बहीण मनी मरते, परीक्षा हातची जाते आणि अखेर तो गावी परततो. ह्या सर्वांतून जीवनाच्या निरर्थकतेचा जो प्रत्यय येतो, त्याविषयी आमच्या टीकाकारांनी पुष्कळ लिहिले आहे व ते यथार्थ आहे. परंतु ही निरर्थकता उभी आहे ती वडिलांच्या पैशावर, ही गोष्ट नेमाड्यांनी लपविलेली नाही. लपविली ती आम्ही वाचकांनी. वडिलांनी पाठविलेले पैसे, त्यांचा हिशेब, तो देताना होणारी कुचंबणा, त्यावरून बापलेकांत माजलेले वैर, हा त्या कादंबरीचा कणा आहे. कोसला म्हणजे कोश. कोशाला लोंबकळावयास एक फांदी लागते, आणि येथे ती फांदी म्हणजे सांगवीची शेती होय.

ह्यावरून पांडुरंगाचे दुःख लटके ठरते, असे मला मुळीच म्हणावयाचे नाही. मनीच्या मृत्यूची पाने वाचताना ज्याच्या डोळ्यांपुढे घरची जमीन येईल, त्याने कादंबरी मिटून ठेवावी हे उत्तम. माझे म्हणणे इतकेच की, पांडुरंगाजवळ एक असे धन आहे, ज्याची त्यालाही पुरती जाणीव नाही. त्याला चुकता येते. तो वर्षे घालवितो आणि तरी परतावयास घर शिल्लक असते; त्या घरात त्याच्या वाचून चूल अडलेली नसते.

आता 'झोंबी'तील आनंदा पाहावा. कागलच्या कूळ शेतकऱ्याच्या ह्या थोरल्या मुलाला बाप शाळेतून काढतो, कारण मळ्यावर हात कमी पडतात. मुलगा आणि आई मिळून गावातील एका वजनदार गृहस्थाकडे गुपचूप जातात आणि त्याच्याकरवी बापाला राजी करतात. बाप राजी होतो, पण अटी घालून: सकाळी अकरा वाजेपर्यंत मळ्यात काम करावयाचे, तेथूनच शाळेला जावयाचे, सुटताच येऊन गुरे चारावयाची, आणि मळ्यात काम अधिक असेल त्या दिवशी शाळेचे नाव काढावयाचे नाही. ह्या करारात फीचा उल्लेख फारसा नाही, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. बाप मुलाकडे मागतो ते पैसे नव्हेत, तास आहेत. शाळेला हवे असलेले तास आणि मळ्याला हवे असलेले तास हे एकच आहेत. झोंबी आहे ती त्यांच्यासाठी. म्हणून ह्या मुलाला नापास होणे परवडत नाही. तो एकदा जरी चुकता, तरी करार त्याच क्षणी मोडला असता आणि बापाचे म्हणणे खरे ठरले असते.

दोघेही शेतकऱ्यांचेच मुलगे. बुद्धी दोघांनाही आहे. पुढे दोघांच्याही कर्त्यांनी प्राध्यापक-लेखक म्हणून नाव मिळविले. पण एकाच्या घरात वाट पाहण्याचे सामर्थ्य आहे, दुसऱ्याच्या घरात ते नाही. कॉलेज घराकडे प्रथम मागते ती फी, असे आपण समजतो. वस्तुतः ते मागते वाट पाहण्याची तयारी. मिळवता झालेला किंवा होऊ शकणारा मुलगा आणखी पाच वर्षे मिळविणार नाही, उलट घरचेच खाईल. शिवाय एखादे वर्ष फुकट जाईल, तेही सोसावे लागेल. फी माफ करता येते. हे सोसणे माफ करता येत नाही.

येथे कुणी म्हणेल की, हा केवळ पैशाचा प्रश्न झाला. तसेही नाही. महर्षी कर्व्यांचे 'आत्मवृत्त' १९१५ सालचे. कोकणातील मुरूडचा हा मुलगा सहावीच्या परीक्षेसाठी शंभराहून अधिक मैल चालून साताऱ्यास गेला आणि वयाने लहान दिसतो म्हणून त्याला परीक्षेस बसू दिले नाही. मराठी शालेय पुस्तकांनी ह्या पायपिटीचे कौतुक पिढ्यान् पिढ्या केले आहे. परंतु मला अधिक महत्त्वाचे वाटते ते त्याचे परत येणे. तो घरी परतला, दुसऱ्या वर्षी कोल्हापुरास परीक्षा दिली, १८८१ साली मॅट्रिक झाला आणि शिकवण्या करीत करीत १८८४ साली एल्फिन्स्टन कॉलेजातून पदवीधर झाला. तेव्हा तो सव्वीस वर्षांचा होता. घर गरीब होते ह्यात शंका नाही. पण विद्येसाठी मुलाची वाट पाहणे ही त्या घरात व त्या जातीत नवलाची गोष्ट नव्हती. शेजारीपाजारी कुणी त्याला 'आता पुरे' म्हणाले नसते. ओळखीपाळखीचा आधार, शिकवणीची घरे, कुठे अर्ज करावा हे सांगणारा माणूस, हे सारे भोवती होते. गरिबीतही एक प्रकारची शिल्लक असू शकते आणि ती पैशांत मोजता येत नाही.

उलट बाजू श्रीमती ऊर्मिला पवार ह्यांच्या 'आयदान' (२००३) मध्ये दिसते. वडील शिक्षक, ते लवकर वारले. आई बांबूची आयदाने विणून संसार चालवी. आईच्या हातांची ती अखंड हालचाल म्हणजे मुलांसाठी विकत घेतलेला वेळ होता. तरीही लेखिकेचे एम. ए. झाले ते लग्नानंतर, नोकरी व मुले सांभाळीत, आणि घरची नाराजी पत्करून. पांडुरंगासाठी घर थांबले; येथे शिक्षणालाच त्या बाईसाठी थांबावे लागले. स्त्रियांच्या शिक्षणाची चर्चा करताना हा भेद आम्ही विसरतो.

फ्रान्समध्ये ह्या विषयाचा शास्त्रीय ऊहापोह झाला आहे. पिएर बूर्द्यू आणि झाँ-क्लोद पासरों ह्यांनी १९६४ साली असे दाखविले की, सुसंस्कृत घरातून आलेला विद्यार्थी ज्याला आपली प्रतिभा समजतो, त्यात वारशाचा भाग मोठा असतो. रेमों बूदों ह्यांनी १९७३ साली त्यापुढील पाऊल टाकले. घरामुळे मुलांचे गुण कमीअधिक होतात हे खरे; पण गुण अगदी सारखे असले तरीही निरनिराळी घरे निरनिराळे निर्णय घेतात, कारण पुढे शिकण्याचा खर्च आणि धोका प्रत्येक घराला सारखा नसतो, असा त्यांच्या विवेचनाचा मथितार्थ आहे. दांड्याच्या त्या बाईने हा सिद्धान्त एका वाक्यात सांगितला होता. तो समजावयास मला काही दिवस लागले, एवढेच.

आणि तो आमच्याकडील दोन थोर पुरुषांनी पूर्वीच ओळखला होता. बाबासाहेब आंबेडकरांना स्वतःला बडोदे सरकारच्या दरमहा २५ रुपयांच्या शिष्यवृत्तीने कॉलेज पुरे करता आले. परंतु १९४६ साली त्यांनी मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढले, तेव्हा नोकरी करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी सकाळचे वर्ग ठेवले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि 'कमवा व शिका' हा तिचा बाणा ठरविला. १९४७ साली साताऱ्यास कॉलेज निघाले तेही ह्याच बाण्याने. फीमाफी व शिष्यवृत्त्या ह्यांचे मोल मी कमी लेखीत नाही. अनुसूचित जातींसाठी १९४४ साली सुरू झालेली मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती नसती, तर आमच्या वाङ्मयातील कितीतरी पुस्तके लिहिलीच गेली नसती. पण भाऊराव आणि बाबासाहेब ह्यांनी फीच्या पलीकडे पाहिले. मुलगा मिळविता राहूनही शिकता राहावा, म्हणजे घराला थांबावे लागणार नाही, हे त्यांचे इंगित होते.

खारदांड्याकडे पुन्हा वळू. किनाऱ्यावर जूनच्या आरंभापासून पावसाळी मासेमारीबंदी असते. दर्या बंद, आवक बंद. होडीची डागडुजी आणि जाळ्यांची दुरुस्ती मात्र ह्याच दिवसांत करावयाची, म्हणजे खर्च चालू. आणि शालान्त परीक्षेचे निकाल लागून अकरावीच्या प्रवेशाची धांदल चालते ती बहुधा ह्याच दिवसांत. घरात पैसा सर्वांत कमी असतो, नेमके तेव्हाच कॉलेज दारात उभे राहते. पुढे दोन महिन्यांनी होड्या लोटतात, तेव्हा सोळासतरा वर्षांच्या मुलाच्या दंडांना बाजारभाव येतो. मुंबईत अकरावीचे प्रवेश २००९ पासून संगणकावरून होऊ लागले. कोणते कॉलेज कोणत्या क्रमाने लिहावे हे जाणणारा माणूस ज्या घरात आहे, त्याचे फावते. माझ्या वर्गात दांड्याच्या मुली मुलांपेक्षा अधिक टिकतात असे मी पाहिले आहे. होडीवर मुलींना कुणी बोलावीत नाही, हे त्याचे एक कारण असावे; पण आई पहाटे धक्क्यावर गेली की घर त्यांच्याच अंगावर पडते, आणि पहिल्या तासाला त्या उशिरा का येतात ह्याचे उत्तर हजेरीपटात लिहावयास जागा नसते.

दर्यावर जाणे ही अधोगती आहे, असा अर्थ मात्र कुणी काढू नये. स्वतःची होडी असलेला नाखवा अनेक पदवीधर कारकुनांहून सुखी असेल. त्याच्या अंगच्या वाऱ्याच्या, भरती-ओहोटीच्या ज्ञानाला आमच्या विद्यापीठात पदवी नाही, हा दोष विद्यापीठाचा. तक्रार आहे ती एवढीच की, त्या मुलाने दोन वाटांतून एक निवडली नाही. एक वाट त्याच्यासाठी एका विषयाच्या काही गुणांनी बंद झाली. त्याच गुणांनी ती माझ्यासाठी बंद झाली नव्हती.

आता पुन्हा साहित्याकडे येतो, कारण माझे मुख्य गाऱ्हाणे तेथे आहे. 'झोंबी' वाचून आमच्या घराघरांत डोळे पाणावले आणि मुलांना सांगण्यात आले, "बघ, त्याने किती कष्टात शिक्षण घेतले, तुला तर सारे काही मिळाले आहे." हे वाचन त्या पुस्तकावर अन्याय करणारे आहे. जिद्द असली की घर आडवे येत नाही, असा निष्कर्ष त्यातून काढणे म्हणजे यादवांनी तपशिलाने मांडलेला घराचा सारा हिशेब पुसून टाकणे होय. शिवाय ध्यानात असावे की, शिक्षणाची आत्मचरित्रे जे पोहोचले त्यांनीच लिहिलेली असतात. कर्वे पोहोचले, यादव पोहोचले, ऊर्मिलाबाई पोहोचल्या. कागलच्या त्याच शाळेतून जी मुले मळ्यावर परत गेली, त्यांनी आत्मचरित्रे लिहिली नाहीत. नापास होऊन परतलेल्या पांडुरंगाची कादंबरी आमच्याकडे आहे. परंतु ज्याला नापास होणे परवडत नव्हते आणि तरीही जो झाला, त्याची कादंबरी माझ्या वाचनात नाही.

इंग्रजीत अशी एक आहे. टॉमस हार्डीची 'ज्यूड द ऑब्स्क्युअर' १८९५ साली आली. पाथरवटाचे काम करणारा ज्यूड स्वतःच लॅटिन-ग्रीक शिकतो आणि विद्यापीठातील एका कॉलेजप्रमुखाला पत्र लिहितो. उत्तर येते की, आपण आपल्या धंद्यातच राहावे हे बरे. हार्डी स्वतः बांधकाम करणाऱ्या गवंड्याचा मुलगा होता आणि विद्यापीठाचे तोंड त्याने पाहिले नव्हते. म्हणूनच कदाचित न पोहोचणाऱ्या माणसाची कथा त्याला लिहिता आली. आमच्याकडे पोहोचलेल्यांपैकीच कुणी तरी मागे राहिलेल्या सोबत्याच्या बाजूने ती लिहावी, अशी माझी अपेक्षा आहे. तोवर टीकाकारांनी निदान 'कोसला' आणि 'झोंबी' एकाच फळीवर ठेवाव्यात. एकीच्या उजेडात दुसरी अधिक खोल दिसते, असा माझा अनुभव आहे.

दांड्याचा तो मुलगा मला अधूनमधून भेटतो. मागल्या वर्षी धक्क्यावर भेटला, तेव्हा त्याने आपण होऊन सांगितले, "सर, इंग्रजीचा फॉर्म या वर्षी तरी भरायचा आहे." मी त्याला पुस्तके देऊ केली, त्याने ती घेतली. फॉर्म त्याने भरला की नाही, ते मला विचारवले नाही. माझी ती नापास झाल्याची ठेवणीतली गोष्ट मात्र मी आता वर्गात सांगत नाही. सांगावीशी वाटलीच, तर तिच्या शेवटी एक वाक्य जोडतो: त्या वर्षी घरात माझे वडील मिळवीत होते.